टेलरबाईंचा उजवा खांदा

दवाखान्याच्या पायऱ्यांवर दोघं एकदमच थांबली, कारण बाहेर पाऊस होता आणि छत्री उघडायला दोघांत मिळून दोनच हात होते.

तसे चार होते म्हणा. पण तिचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत, त्याचा डावा झोळीत, आणि त्याच्या काखेतली छत्री जुन्या वळणाची. एका हाताने दांडा धरा, दुसऱ्याने कडं वर सारा, तेव्हा कुठे ती उघडणार. पाऊस काही जोराचा नव्हता. नुसती भुरभुर चालली होती, दुपारीच रस्त्यावरचे दिवे लागले होते आणि ओल्या फरशीवर त्यांचा पिवळा उजेड पसरला होता.

"माफ करा हं," तो म्हणाला, "जरा दांडा धरता का? मी वर सारतो."

"आणि मग?"

"मग छत्री उघडते. निदान आजवर तरी उघडत आलीये."

तिने दांडा धरला. त्याने कडं वर सारलं. छत्री फटकन उघडली आणि दोघंही त्या आवाजाने दचकली, मग एकमेकांकडे बघून उगाचच हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला हसून बरेच दिवस झालेत.

"चला," तो म्हणाला.

"कुठे चला? मी कुठल्या बाजूला जाणार, तुम्हाला ठाऊक तरी आहे का?"

"नाही. पण असं बघा, उघडायला दोघं लागली, तर मिटायलाही दोघं लागणार. तुम्ही मधेच निघून गेलात तर मी ही अशी उघडी छत्री घेऊन घराच्या दारातून आत कसा जाऊ?"

वयाने पंचावन्नच्या आसपास असेल. उंच, जरा वाकून बोलणारा, कानांवरचे केस पांढरे पण अगदी बेतशीर कापलेले. डोळे मात्र एखाद्या वात्रट पोराचे. ती 'नको' म्हणणारच होती... पण पाय कधी पायऱ्या उतरले तेच कळलं नाही.

तो तिच्या डाव्या बाजूने चालत होता. म्हणजे दोघांचे चांगले हात मधे आणि दुखरे हात बाहेरच्या बाजूला. छत्री एकाच माणसापुरती होती, त्यामुळे दोन्ही झोळ्या दोन बाजूंनी भिजत होत्या.

"खांदा कशाने गेला?" त्याने विचारलं.

"कापडाच्या ताग्याने. वरच्या फळीवरून ओढायला गेले आणि आत काहीतरी टर्रकन फाटलं. टेलर आहे मी. तुमचा?"

"हेअर ड्रायरने. जन्मभर बायकांच्या डोक्यावर धरून उभा राहिलो."

"म्हणजे बायकांच्या डोक्यावर बसायचाच धंदा की तुमचा!"

"कुठलं हो! एकीनेही बसू दिलं नाही. म्हणून तर एकटा राहिलोय."

हे त्याने इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं की ती पुन्हा हसली. बसथांब्यावर छत्री मिटताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. थंडगार होती. बस आली, ती चढली, खिडकीच्या काचेवरचं धुकं तिने पुसलं – आणि तो तिथेच उभा होता. हात हलवायला मोकळा नव्हता, म्हणून मिटलेली छत्री हलवत.

*

तिचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. खाली दुकान, वर घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेकीला तिने या दुकानावरच वाढवलं आणि आता लेक शिलाई मशीन सांभाळत होती. पण बेतणं मात्र आईचंच. लांबलचक लाकडी टेबल, त्यावर कापड अंथरायचं, खडूने रेघा मारायच्या आणि मग ती जड कात्री... कापडातून कात्री फिरली की त्याचा असा एक खास आवाज येतो. तो ऐकत तिचं आयुष्य गेलं होतं. आता ती कात्री भिंतीला टांगलेली होती, आणि बेतायला येणाऱ्या बायकांना लेक सांगत होती, "आई बरी झाली की घेऊ."

आई बरी होईना, हीच तर गोम होती.

ऑपरेशन छान झालं होतं. स्नायूचं तुटलेलं टोक हाडाला पुन्हा टाके घालून बसवलं होतं. सर्जनने फोटो दाखवला, मान डोलावली, "उत्तम" म्हणाले. झोळी सुटली, व्यायाम सुरू झाले. पण तिचा हात छातीपर्यंत यायचा आणि तिथेच अडून बसायचा. फिजिओथेरपीची बाई म्हणायची, दुखण्यापेक्षा तुम्हीच तो अडवताय. असाच राहिला तर सांधा आखडेल, मग वरची फळी विसरा आणि टेबलही विसरा.

ही फिजिओथेरपीची बाई तिच्या लेकीएवढीच होती, चष्मेवाली, चिमुकली. पण सगळे पेशंट तिला मागून हेडमास्तरीण म्हणायचे. तिने एकदा सगळ्यांदेखत न विचारता पडद्याआड नेऊन विचारलं होतं, "झोप कशी लागते? मन कसं असतं? पाळी थांबलीये ना तुमची?"

"सगळं छान आहे," ती म्हणाली होती.

छान कसलं डोंबल! पाळी थांबून वर्ष होत आलं होतं. बसल्या बसल्या अंगातून वाफा निघायच्या, मान-पाठ घामाने थबथबायची. रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. सकाळी उठावंसं वाटायचं नाही. परवा तर कुणाचा तरी ब्लाउज आवडला म्हणून ती न्हाणीघरात जाऊन रडली होती, आणि तो ब्लाउज काही इतका चांगलाही नव्हता. आणि या सगळ्याच्या तळाशी एक भीती दबा धरून बसली होती. ती तिने लेकीलासुद्धा सांगितली नव्हती. लेक विचारायची, आई कसं वाटतंय? आई म्हणायची, मस्त.

व्यायामाच्या खोलीत मात्र तो असायचा.

सगळे त्याला वस्तरा म्हणायचे, हातातल्या वस्तऱ्यामुळे नव्हे, जिभेमुळे. त्याचा खांदा तिच्यापेक्षा थोडा पुढे होता. कप्पीवरची दोरी ओढताना तो मोठमोठ्याने सुस्कारे टाकायचा आणि हेडमास्तरणीची पाठ वळली की गप्पांना सुरुवात करायचा.

"टेलरबाई, आज भिंतीवर बोटं कुठवर चढली?"

"खिडकीच्या कठड्यापर्यंत."

"काल पण तिथेच होती की."

"मला खिडकी आवडते."

"मलाही," तो म्हणाला. "दुपारी तिथून ऊन येतं ते नेमकं तुमच्या कानावर पडतं..."

तिने मान फिरवली. कान तापला होता. या वेळच्या वाफेचं कारण वेगळं आहे, हे तिचं तिलाच कळलं. या वयात! तिने स्वतःलाच दटावलं. पण दटावणी काही फारशी मनावर घेतली गेली नाही.

*

केस धुणं हा तिचा मोठाच प्रश्न होता. एका हाताने लांब केस कितीसे धुतले जाणार? लेक धुवायची, पण घाईत, आणि साबण डोळ्यांत जायचा. हे तिने एकदा सहज बोलून दाखवलं आणि वस्तऱ्याने लगेच सांगून टाकलं, "सोमवारी या. सलून बंद असतं. हेडमास्तरणीने मला छातीच्या खालच्या कामाला परवानगी दिलीये आणि माझं बेसिन खाली आहे."

"मी पैसे देणार."

"द्या ना. मी नको म्हणालो तर तुम्ही येणार नाही, एवढं कळतं मला."

सलून छोटंसं होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, कोपऱ्यात चाकांवरचा जुना टोपीसारखा ड्रायर. साबणाचा आणि ओल्या टॉवेलांचा वास. तिने डोकं मागे टेकलं, त्याने आपल्या मनगटावर पाणी बघितलं, आणि मग कोमट पाणी तिच्या कपाळाच्या कडेने केसांत उतरत गेलं. त्याची बोटं सावकाश फिरत होती. कानामागे, मानेच्या खळगीत, परत वर. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिने डोळे मिटले. कितीतरी महिन्यांनी तिचं अंग सैल पडलं... डोक्यातले सगळे आवाज दूर कुठेतरी वाहून चालले होते आणि आपणही त्यांच्यामागून वाहत जावं, असं तिला वाटलं.

केस पुसून तो तिला आरशासमोर घेऊन आला, आणि नेमकं तेव्हाच ते झालं. छातीतून वाफ उठली, गळ्यापर्यंत चढली, चेहरा लालबुंद. आरशात लपवायलाही जागा नव्हती. वरच्या ओठावर घाम, मानेवर घाम. तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

त्याने कोपऱ्यातला ड्रायर ओढून आणला, एक बटण खाली केलं, आणि तिच्या डोक्यावर थंड हवेचा झोत आला. गार, हलका, मानेवरून पाठीत उतरणारा.

"माझ्या खुर्चीत निम्म्या बायकांना होतं," तो आरशातल्या तिला म्हणाला. "मी काही विचारत नाही. फक्त थंड बटण दाबतो."

"आणि त्या काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत. पण पुढच्या वेळी परत येतात."

ती हसायला गेली आणि डोळे भरून आले. त्याने एक कोरडा टॉवेल तिच्या मांडीवर ठेवला आणि कंगवा शोधायला म्हणून पाठ फिरवली. कंगवा त्याच्या खिशातच होता. तिला दिसत होता. या माणसावर आपला जीव जडणार आहे, नव्हे, जडलाच आहे – हे तिला त्या पाठमोऱ्या खिशाकडे बघताना अगदी स्वच्छ कळलं.

केस विंचरून झाल्यावर तो म्हणाला, "एक विचारू? तुम्ही हे ब्लाउज घालता कसे? मला शर्ट घालायचा म्हणजे रोज सकाळी आई आठवते."

तिचा चेहरा उजळला. हा तिचा प्रांत होता. मग तिने सगळं सांगितलं. ऑपरेशन झाल्याबरोबर तिने आपले सगळे कपडे उसवायला काढले होते. खांद्यावर उघडणारे, काखेखाली उघडणारे, पुढून हुका लागणारे. शिवण अशी लपवलेली की बघणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. लेकीने मशीन मारली, पण बेत सगळा तिचा. हात खालीच ठेवून अंगात कपडा जातो. डाव्या हाताने चार हुका लावल्या की झालं.

"हात उचलावाच लागत नाही?"

"अजिबात नाही!"

बोलताना ती इतकी सुरेख दिसत होती की तो ऐकायचंच विसरला. म्हणून मग, केवळ तिने असंच बोलत राहावं म्हणून, त्याने म्हटलं, "मलाही एक शिवून द्या ना तसा शर्ट."

"मापाला जुना शर्ट आणून द्या," ती म्हणाली.

*

तो शर्ट तिने जीव ओतून बेतला. कापताना लेकीच्या हातात कात्री दिली आणि शेजारी उभं राहून एकेक रेघ बघितली. फिकट निळा, मऊ सुती. डावा खांदा गळ्यापासून बाहीपर्यंत उघडणारा, आणि बंद केला की साधा शर्टच वाटणारा. लेक दाताखाली दोरा धरून म्हणाली, "आई, गिऱ्हाइकाच्या शर्टाला तू आजवर आतून रेशमी पट्टी लावली नव्हतीस."

"खांदा नाजूक आहे त्याचा."

"खांदाच ना? मला वाटलं आणखी काही."

"कामाकडे बघ, शहाणी!"

तो शर्ट त्याने अंगात घातला तो काढायचंच नाव घेईना. रात्री धुवायचा, सकाळी घालायचा. व्यायामाच्या खोलीत मिरवायचा. "हा बघा, हा बघा कसा झाकला टाका!" ती भिंतीकडे तोंड करून बोटं चढवायची आणि मनातल्या मनात फुलून यायची.

आणि मग एके दिवशी हेडमास्तरणीने त्याचा हात वर केला, आणि तो अर्ध्यातच अडला.

"हे काय? गेल्या महिन्यात कानापर्यंत जात होता. घरचा व्यायाम बंद केलात?"

"छे हो! रोज करतो."

"मग दिवसभरात हात वर करायचं कुठलं काम सोडलंत? शर्ट घालताना त्रास होतो म्हणत होतात, आता म्हणत नाही तुम्ही."

"आता कुठला त्रास! आता हा शर्ट आहे ना..." त्याने मोठ्या प्रेमाने खांदा उघडून दाखवला.

हेडमास्तरणीने चष्मा वर सरकवला. शिवण बघितली, पट्टी बघितली. मग हळूच मान वळवून भिंतीपाशी उभ्या असलेल्या टेलरबाईंकडे बघितलं. त्यांच्या खांद्याकडे. काखेकडे. पुढच्या हुकांकडे.

"तुमच्याकडे असे किती कपडे आहेत?" तिने विचारलं.

"सगळेच," ती म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिच्या तोंडचं पाणी पळालं.

पडद्याआड खुर्चीवर बसल्यावर हेडमास्तरीण रागावली नाही, हे त्याहून वाईट होतं. "झोळी होती तोवर हे ठीकच होतं," ती म्हणाली. "पण झोळी सुटून किती दिवस झाले! इतकं सुबक काम मी पाहिलं नाही. पण रोज कपडे घालणं, केस बांधणं, फळीवरचं काढणं यातूनच तर हात परत येतो. तुम्ही तर एकूण एक कारणं शिवून बंद केलीत. का? कशाची भीती वाटते?"

आणि मग ते बाहेर पडलं. महिनोन्‌महिने जे कुणाला सांगितलं नव्हतं ते.

"जुन्या कापडाला टाका धरत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला नाही माहीत, मला माहीत आहे. कापड विरलं ना, की कितीही चांगला दोरा घ्या, टाक्याच्या शेजारून फाटतं. आणि मी... मी विरलेय हो. झोप नाही, अंगात राम नाही. पाळी गेली तशी आतून सगळी सुकत चाललेय. हात उचलला की मला ऐकू येतं. टर्रकन..."

ती ओक्साबोक्शी रडली. हेडमास्तरणीने तिचा डावा हात धरून ठेवला.

"कापड स्वतःला विणत नाही," ती थोड्या वेळाने म्हणाली. "शरीर विणतं. ते टाके फक्त सुरुवातीला धरून ठेवायला होते. तुमचं आतलं कधीच जुळलंय, फोटोत दिसतं. मात्र झोप नसेल, मन खचलेलं असेल, तर दुखणं दुप्पट वाटतं आणि हात पुढे सरत नाही. हे मी कितीतरी बायकांत बघते, आणि त्या सगळ्या मला 'छान आहे' म्हणतात. खांदा माझ्याकडे ठेवा. पण वाफांसाठी बायकांच्या डॉक्टरांकडे जा, आणि मनासाठी मी सांगते त्या बाईंकडे."

"मी वेडी नाही!"

"वेड्या असता तर इतकी सरळ शिवण आली असती का?"

पडदा सारून ती बाहेर आली तेव्हा तो दाराशी उभा होता. अंगावर तोच निळा शर्ट. तिला तो बघवेना. आपल्या हाताने आपण या माणसाचा बरा होणारा खांदा बिघडवला... इतक्या मायेने, रेशमी पट्टी लावून बिघडवला.

"टेलरबाई, अहो, ऐका तर..."

ती ऐकायला थांबली नाही. पुढच्या आठवड्यापासून तिने दुपारची वेळ बदलून संध्याकाळची घेतली.

*

मनाच्या डॉक्टर बाईंच्या खोलीत एक खुर्ची होती, एक झाड होतं आणि रुमालांचा डबा होता. पहिल्या दिवशी तिने बोलायचं ठरवलं होतं ते एकही वाक्य बोलली नाही, नुसती रडली, आणि बाहेर पडल्यावर तिला कडकडून भूक लागली. कितीतरी दिवसांनी. दुसऱ्या वेळी बोलली. भीती बाईंनी हसण्यावारी नेली नाही, उलट ती नेमका कसा आवाज करते ते विचारून घेतलं. मग घरी करायला एक काम दिलं. रोज हात थोडा वर न्यायचा, तो आवाज ऐकू येईल म्हणून वाट बघायची, आणि आला का ते प्रामाणिकपणे बघायचं. तिने बघितलं. दुखायचं, चांगलंच दुखायचं. आवाज मात्र यायचा नाही.

डॉक्टरांच्या औषधाने वाफा कमी झाल्या. आधी झोप आली. एका सकाळी ती जागी झाली तर खोलीभर ऊन होतं आणि लेक दारात उभी राहून बघत होती, आई जिवंत आहे ना म्हणून.

"मला सांगायचंस ना गं," लेक म्हणाली. "मी रोज विचारत होते."

"सांगितलं असतं तर तू काळजी केली असतीस."

"आणि न सांगितल्यावर मी काय नाचत होते?"

मग दोघींनी मिळून कपाट रिकामं केलं. ज्या शिवणी उघडायच्या त्या बंद केल्या, एकेक करून. पहिला साधा ब्लाउज अंगात घालायला तिला इतका वेळ लागला की लेकीने दाराबाहेरून दोनदा हाक मारली. पण घातला. डोळ्यांत पाणी, कपाळावर घाम आणि बाही अंगात.

हात आता गळ्यापर्यंत जात होता. त्याच्या वर मात्र... तिथे तिचं मन अजूनही कच खात होतं. कात्री भिंतीलाच होती.

आणि त्याची आठवण? ती तर येतच होती, सकाळ म्हणू नका, दुपार म्हणू नका. केस धुताना सगळ्यात जास्त. पण तोंड कसं दाखवायचं, या एका विचाराशी ती अडून बसली होती.

शेवटी तोच आला. दुपारची वेळ होती, गल्ली निवांत होती, लेक मशीनवर होती. तो दारात उभा राहिला. अंगात एक चुरगळलेला, बटणं वरखाली लागलेला जुना शर्ट, आणि हातात कागदात गुंडाळलेला तो निळा.

"हा उसवून द्या," तो म्हणाला. "खांदा बंद करून द्या."

"कसा आहे आता?" तिने टेबलाकडे बघत विचारलं.

"कानापर्यंत गेला परत. हेडमास्तरणीने छळ छळ छळलं." तो थांबला. मग नेहमीचा वात्रट सूर टाकून म्हणाला, "टेलरबाई, तुम्ही लपून बसलात ते मला नाही आवडलं. शर्टाने माझा खांदा मागे गेला, खरं आहे. पण मला तेव्हाही कळत होतं, की आपण आळशी होतोय. मुद्दाम घालत होतो. माझ्यासाठी आतून रेशमी पट्टी लावणारं दुसरं कोण होतं हो आयुष्यात? दोनदा लग्न ठरलं, दोनदा मोडलं. मग मीही ठरवून टाकलं, की लोकांची डोकी धुवायची आणि घरी जायचं. आता घरी जावंसं वाटत नाही... तुम्ही नसता तिथे कुठेच जावंसं वाटत नाही."

लेकीचं मशीन थांबलं. मग शहाण्यासारखं, पण फारच हळू, परत सुरू झालं.

तिला बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं. पण ती टेलर होती, म्हणून म्हणाली, "हा उसवून काही खरं नाही. नवा शिवते. साधा. मापाला शर्ट आणलाय?"

"नाही आणला. अंगावरूनच घ्या."

तिने टेप गळ्यात घातली. छाती घेतली, कंबर घेतली, बाहीची लांबी घेतली, आणि एकेक आकडा लेकीला सांगितला. राहिला खांदा. तो उंच होता. ऑपरेशन झाल्यापासून असली मापं लेकच घ्यायची. सवयीने तिने पायाने कोपऱ्यातलं स्टूल त्याच्याकडे सरकवलं, त्याला बसवलं की हात वर न्यायला नको. त्याने स्टुलाकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं. बसायला लागला.

"थांबा," ती म्हणाली, आणि स्टूल परत मागे ढकललं. "उभेच राहा."

तिने उजवा हात उचलला. छातीपर्यंत आला. गळ्यापर्यंत. तिथे ती भीती नेहमीच्या जागी वाट बघत बसली होती. तिने श्वास घेतला, आवाजाची वाट बघितली. खिडकीतून येणारं ऊन, मशीनची टकटक, त्याचा श्वास... दुसरा आवाज नव्हता. हात आणखी वर गेला. ठणका दंडातून कोपरात उतरला, तिचे ओठ आवळले गेले. पण बोटं त्याच्या खांद्यावर टेकली. तिच्या डोळ्यांच्याही वर, त्याच्या खांद्यावर.

टेप कधीच हातातून निसटून खाली पडली होती.

"दुखतंय?" त्याने अगदी हळू विचारलं.

"दुखतंय."

"मग काढा हात."

"नाही काढणार," ती म्हणाली. "मी तुम्हाला जीव लावून बसलेय. आता काही केल्या काढणार नाही."

त्याने मान कलती केली आणि त्याचा गाल तिच्या बोटांवर टेकला. नुकतीच दाढी केलेली होती, साबणाचा वास येत होता. दोघांपैकी कुणीच हललं नाही.

"आई," लेकीने मान वर न करता विचारलं, "खांदा किती लिहू?"

"थांब जरा," ती म्हणाली. "अजून माप चाललंय."